हात दाखवून परीक्षण

नाशिकात सिनेमाचं परीक्षण लिहिणं म्हणजे पंढरपुरात कीर्तनाला उभं राहण्यासारखं आहे. समोर बसलेला प्रत्येक जण आपल्यापेक्षा जुना वारकरी निघतो. ज्या जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरी, ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके जन्माला आले, ज्या गावात त्यांनी सिनेमाचा संसार मांडला आणि ज्या गावात १६ फेब्रुवारी १९४४ रोजी डोळे मिटले, त्या गावच्या माणसाला सिनेमातलं कळत नाही असं म्हणायची कुणाची छाती आहे? सिनेमा हा आमचा घरचा धंदा. मिसळीचा रस्सा आणि सिनेमा या दोन विषयांवर ज्याला मत नाही, असा नाशिककर अजून जन्माला यायचा आहे. आणि दोन्हींवर मत एकच असतं : ‘पूर्वीची चव राहिली नाही.’

अशा गावात मी बरीच वर्षं एका साप्ताहिकात सिनेमाची परीक्षणं लिहिली. हे सांगितलं की लोक माझ्याकडे अशा नजरेनं पाहतात, जशी लग्नात फुकट जेवणाऱ्याकडे पाहावी. ‘म्हणजे तुम्हाला पिक्चर बघायचे पैसे मिळतात?’ हा पहिला प्रश्न. ‘मग हा नवा बघू का नको?’ हा दुसरा. तिसरा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही. तीनशे शब्द रक्त आटवून लिहावेत, दिग्दर्शकाच्या दृष्टिकोनाची चिरफाड करावी, आणि भाजी बाजारात भेटलेल्या वाचकानं विचारावं, ‘ते सगळं ठीक आहे हो, पण जाऊ का नको?’

तीनशे शब्दांतले निम्मे तर तयारच असतात म्हणा. ‘छायाचित्रण नेत्रसुखद’, ‘संगीत श्रवणीय’, ‘संवाद खटकेबाज’, ‘अमुक यांनी भूमिकेला न्याय दिला आहे’. इतका न्याय आपल्याकडे कोर्टातसुद्धा मिळत नाही. आणि सगळ्यांत हुकमी वाक्य म्हणजे, ‘पूर्वार्धात पकड घेणारा चित्रपट उत्तरार्धात रेंगाळतो.’ हे वाक्य कुठल्याही सिनेमाला चालतं. जरा धीर करून पाहिलं तर संसारालाही चालतं.

परीक्षकाला मात्र स्वतःची अशी एक कसोटी लागते. कुणी कॅमेऱ्याकडे बघतो, कुणी कथेकडे, कुणी नायिकेकडे. माझी कसोटी मला पुस्तकात सापडली नाही. ती मला पंचवटीतल्या माझ्या आत्यानं दिली.

आत्या सिनेमाला जायची ती जायफळ उगाळायला बसल्यासारखी, सावकाश आणि मन लावून. दिग्दर्शक नावाचा कुणी प्राणी असतो हे तिला ठाऊक नव्हतं. नट-नट्यांची नावं ती आपल्या सोयीनं ठेवायची. पण पडद्यावर स्वयंपाकघर आलं की ती खुर्चीत पुढे सरकायची. एकदा कुठल्याशा ग्रामीण सिनेमात नायिका चुलीपुढे बसून भाकरी करत होती. वर गाणं चालू होतं. सगळं थेटर गाण्यावर डोलत असताना आत्या मोठ्यानं म्हणाली, ‘अरे, ही भाकरी थापत नाहीये रे, भाकरीला गोंजारतेय!’ पुढे नायिकेवर आभाळ कोसळलं, नवरा गेला, मूल आजारी पडलं, आजूबाजूच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आत्याचे डोळे कोरडे ठणठणीत. बाहेर आल्यावर मी विचारलं, ‘आत्या, तुला रडू नाही आलं?’ तर म्हणते कशी, ‘जिला भाकरी थापता येत नाही, तिचं दुःख खरं कशावरून?’

ॲरिस्टॉटलपासून आजपर्यंत कलेच्या सत्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण इतक्या कमी शब्दांत कुणी लिहिलं असेल असं मला वाटत नाही. तेव्हापासून मी सिनेमात हात बघतो. चेहरा रडायला शिकतो. ग्लिसरिनची बाटली असली की झालं. हातांना ग्लिसरिन नाही. या सिनेमात कुणी काम करतं का? करतं तर त्या कामाची त्याच्या हाताला सवय दिसते का? आणि कॅमेरा ते काम बघायला थांबतो, का ‘चला चला’ करत गाण्याकडे पळतो? एवढे तीन प्रश्न. ज्योतिषी एक हात बघून माणसाचं भविष्य सांगतो. मी पडद्यावरचे हात बघून सिनेमाचं सांगतो. हात दाखवून अवलक्षण होण्याची पाळी मात्र पुष्कळ मोठमोठ्यांवर येते.

सगळ्यांत आधी आपला हिंदी सिनेमा घ्या. इथे नायक बी. ए. पहिल्या वर्गात पास होतो आणि धावत येऊन आईला सांगतो. तो पुढे काय करतो, हे विचारायचं नसतं. आई शिवणाच्या यंत्रावर बसलेली असते. चाळीस वर्षं मी या माउलीला यंत्र चालवताना बघतोय, पण तिच्या हातून एक झबलं पुरं शिवून झाल्याचं मला आठवत नाही. मुलगा लहानाचा मोठा होतो, कापड तेवढंच राहतं. खलनायक सुटकेस उघडतो तर आत नोटांच्या गड्ड्या. इतर गावचे प्रेक्षक त्या नोटांकडे बघून सुस्कारे टाकतात. आमच्याकडे तसं नसतं. आमच्याकडे नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे. मागच्या रांगेत एखादा पाळी संपवून आलेला कामगार बसलेला असतो, आणि नायकानं त्या गड्ड्या वाऱ्यावर उधळल्या की त्याचा जीव कासावीस होतो. सिनेमातल्या माणसाला नोट झाडाला लागत असेल. आमच्या गावात ती माणसं छापतात, आणि छापताना त्यांना घाम येतो.

‘दीवार’चं उदाहरण पाहा. १९७५ साल. आई बांधकामावर घमेली वाहते, पोरगा बूट पॉलिश करतो, मोठा होऊन गोदीत हमाली करतो. तोवर अमिताभ बच्चनचा राग आपल्याला पटतो, कारण तो राग पाठीवरच्या ओझ्यातून आलेला आहे. पुढे तो श्रीमंत होतो आणि त्याचे हात रिकामे होतात. मग उरतात ते सूट, बंगला आणि टेलिफोन. पण पूर्वार्धातल्या त्या घमेल्याच्या पुण्याईवर उत्तरार्ध तरून जातो.

त्याच वर्षीचा ‘शोले’. हातांकडे इतकं लक्ष दिलेला दुसरा हिंदी सिनेमा दाखवा! सगळी गोष्टच ठाकूरच्या तुटलेल्या हातांची. पण रामगढात बाकीच्यांचे हात काय करतात? डाकूंकडे ज्वारीची पोती जातात, पण ती पिकवताना, खुडताना, मळताना कुणी दिसल्याचं मला तरी स्मरत नाही. गावात दिवे तेलाचे आणि पाण्याची टाकी मात्र नगरपालिकेला हेवा वाटावा अशी! साऱ्या रामगढात मनापासून धंदा करणारी एकच व्यक्ती, ती म्हणजे बसंती. ती टांगाही हाकते आणि तोंडही. आणि मला शपथेवर सांगा, गावातली सगळ्यांत जिवंत व्यक्ती कोण वाटते?

पुढे १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला आणि सिनेमातून काम हा प्रकारच हद्दपार झाला. साखरपुडा, लग्न, डोहाळजेवण, बारसं. इतक्या पंगती उठतात, पण खरकटं कुठे दिसत नाही. त्या भल्यामोठ्या बंगल्यात राबतोय असं वाटणारा माणूस एकच, नोकर लल्लू. आणि तो कोण, तर आपला लक्ष्मीकांत बेर्डे! मराठी माणूस हिंदी सिनेमात मागे का, म्हणून आपण परिसंवाद घेतो. मागे कुठे? स्वयंपाकघरात होता.

आता इथे आमचे शेजारी हरकत घेतात. शेजारी निवृत्त बँक अधिकारी आहेत आणि हरकत घेणं हा त्यांचा पेन्शनीचा भाग आहे. ते म्हणतात, ‘साहेब, माणूस आठवडाभर मान मोडून काम करतो आणि रविवारी पैसे टाकून सिनेमाला जातो. कशाला? काम विसरायला. तिथेही त्याला तुम्ही कामच दाखवणार? मग आम्ही शाखेतच बसलो असतो की, पंख्याखाली!’

हरकत साधी नाही. मी तिचा आदर करतो. पण मला एक सांगा, बासू चटर्जींचा ‘रजनीगंधा’ १९७४ चा आणि ‘छोटी सी बात’ १९७६ चा. त्यात काय आहे? बसचा थांबा, बसची रांग, कचेरी, फायली आणि बढतीची वाट बघणारा अमोल पालेकर. रोज बसच्या रांगेत उभी राहणारी माणसं हौसेनं तिकिटाच्या रांगेत उभी राहिली, ती पडद्यावरची बसची रांग बघायला! माणसाला काम विसरायचं असतं, हे अर्धसत्य आहे. आपलं काम कुणीतरी पाहिलं, एवढंच त्याला हवं असतं. साहेब बघत नाही, घरचे बघत नाहीत; निदान कॅमेऱ्यानं तरी बघावं.

आणि त्याहून जुना दाखला हवा असेल तर १९३६ सालचा घ्या. त्या एका वर्षात जगात दोन सिनेमे आले. तिकडे चार्ली चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’. कारखान्यात नट आवळून आवळून चार्लीचे हात असे बिघडतात, की पट्टा थांबला तरी हात थांबत नाहीत. बघताना आपण पोट धरून हसतो आणि घरी येताना आपल्याच हातांकडे जरा चोरून बघतो. इकडे प्रभातचा ‘संत तुकाराम’. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. मुंबईत तो वर्षाच्या वर चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवातही गौरवला गेला. लोक म्हणतात, भक्तीमुळे चालला. मी म्हणतो, म्हशीमुळे चालला. भक्ती तर त्या काळात दर शुक्रवारी नव्या सिनेमात असायची. पण तुकोबा टाळ घेऊन उभे असताना म्हशीचं, पोरांचं आणि चुलीचं बघणारी जिजाई दुसऱ्या कुठल्या संतपटात होती? गौरी नावाच्या बाईंनी ती केली. त्यांच्या चालण्यात, ओरडण्यात, पदर खोचण्यात काम करणाऱ्या बाईची घाई आहे. आजारी पोराला घेऊन, हातात वहाण घेऊन ती विठोबाला जाब विचारायला जाते तेव्हा थेटर थरारतं. कारण हा हात दिवसभर राबलेला आहे, तो उगारायचा हक्क त्याला आहे. शेवटी तुकोबा विमानात बसून वैकुंठाला जातात आणि जिजाई खाली संसाराला राहते. दामले-फत्तेलालांनी विमान झकास उडवलंय. पण माझे डोळे पाणावतात ते खाली राहिलेल्या बाईसाठी. आत्याचेही पाणावले असते.

आता जरा बाहेरच्या जगात डोकावू. लंडनहून ‘साइट अँड साउंड’ नावाचं एक मासिक निघतं. ते १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना विचारतं, की आजवरचा सर्वोत्तम सिनेमा कोणता? पहिल्या खेपेला, १९५२ साली, पहिला नंबर आला व्हित्तोरिओ दे सिका यांच्या १९४८ सालच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’चा. रोममधल्या एका बेकार माणसाला भिंतीवर पोस्टर चिकटवायची नोकरी मिळते. अट एकच, सायकल पाहिजे. सायकल गहाण पडलेली. बायको घरातल्या चादरी गहाण टाकून ती सोडवून आणते. पहिल्याच दिवशी, शिडीवर चढून तो सिनेमाच्याच एका सुंदरीचं पोस्टर चिकटवत असताना, खाली सायकल चोरीला जाते. भिंतीवर हसरी रिटा हेवर्थ आणि भिंतीखाली खळीचं भांडं. सबंध सिनेसृष्टीवरचं इतकं नेमकं परीक्षण मी तरी वाचलेलं नाही. त्या नायकाचं काम करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी हा खरोखरीचा कारखान्यातला कामगार होता. सत्यजित राय यांनी १९५० साली लंडनमध्ये हा सिनेमा पाहिला आणि पाच वर्षांनी ‘पथेर पांचाली’ दिला. आपल्याकडे बिमल रॉय यांनी १९५३ साली ‘दो बीघा ज़मीन’ काढला. त्यासाठी बलराज साहनी कलकत्त्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढायला शिकले. पडद्यावर ते ओढतात तेव्हा पोटऱ्या बघा. नट चेहऱ्यानं रडतो हे पुष्कळांनी दाखवलं; पोटऱ्यांनी रडून दाखवणारे बलराज साहनीच.

आणि त्याच मासिकाच्या २०२२ सालच्या कौलात पहिला नंबर कुणाचा आला असेल? शांताल अकरमान या बेल्जियन बाईंच्या ‘जान दिएलमान’ या १९७५ सालच्या सिनेमाचा. म्हणजे ‘शोले’ आणि ‘दीवार’चा समवयस्क. लांबी तीन तास एकवीस मिनिटं. गोष्ट काय? ब्रसेल्समधली एक विधवा तीन दिवस घरकाम करते. बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरूण घालते, दिवे घालवते. तिच्या आयुष्यात आणखीही एक भानगड आहे आणि शेवटी भयंकर काहीतरी घडतं. पण ते घडणार याची पहिली चाहूल लागते कशानं? बटाटे जास्त शिजून बिघडतात!

हे मी घरात मोठ्या उत्साहानं सांगितलं. सौ. कोथिंबीर निवडत होती. ती म्हणाली, ‘साडेतीन तास बाई बटाटे सोलते, आणि हा जगातला पहिला नंबर?’

मी म्हटलं, ‘अगं, साडेतीन नाही, तीन तास एकवीस मिनिटं.’

‘अहो, मग मला चाळीस वर्षं झाली की! माझा कितवा नंबर?’

जगभरच्या समीक्षकांना या प्रश्नाचं उत्तर देता आलं नसतं. मी कोथिंबिरीची दुसरी जुडी ओढून घेतली आणि देठ मोडायला लागलो.

गंमत बाजूला ठेवू. २०२१ साली जिओ बेबी यांचा ‘द ग्रेट इंडियन किचन’ हा मल्याळी सिनेमा आला. नवी नवरी सासरी येते आणि नारळ खवणं, वाटण वाटणं, उष्टी काढणं, तुंबलेल्या मोरीचं पाणी पुसणं, एवढंच पुन्हा पुन्हा दिसत राहतं. करोनाचे दिवस होते, त्यामुळे आमच्या इमारतीत पुष्कळांनी तो घरीच पाहिला. मी परीक्षकाच्या सवयीनं मतं गोळा केली. पुरुष मंडळींचं म्हणणं पडलं, ‘विषय चांगला, पण फार ताणलाय. तेच तेच दाखवतात.’ बायकांचं म्हणणं पडलं, ‘कमीच दाखवलंय.’ सिनेमा एक, घर एक, दिवाणखान्यातला पडदा एक, आणि मतं ही अशी. छायाचित्रण, संकलन, पटकथा हे सगळे शब्द इथे पांगळे पडतात. ज्याचे हात त्या मोरीत कधी गेले नाहीत त्याला तो सिनेमा लांब वाटला, आणि जिचे रोज जातात तिला आखूड. तेव्हापासून कुणी ‘सिनेमा रेंगाळतो’ म्हणालं, की मी आधी विचारतो, ‘तुम्हाला का तुमच्या मंडळींना?’

आपल्या मराठी सिनेमाला या कसोटीवर उभं करायला मला संकोच वाटत नाही. १९८२ सालच्या, जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त स्मिता पाटीलची सुलभा घर सोडून जाते ती कुणा परपुरुषासाठी नव्हे, तर सुधारगृहाच्या अधीक्षिकेच्या नोकरीसाठी. तोवरच्या नायिका घराबाहेर पडायच्या ते अपमान झाला म्हणून. ही पडली काम आहे म्हणून. पटेलांचाच १९७९ चा ‘सिंहासन’ दाखवून शेजारी मला पेचात धरायला बघतात. ‘त्यात कुठे आहेत हात? सगळे नुसते बोलतात आणि टेलिफोन करतात.’ बरोबर आहे. पण राजकारणात बोलणं हेच काम असतं, आणि ती माणसं ते अगदी सराईतपणे करतात. भाकरी कशी थापायची हे जसं आत्याला ठाऊक, तसं माणूस कसा फोडायचा हे त्यांना ठाऊक. उलट, कोऱ्या पांढऱ्या सदऱ्यात नांगर धरणारा नायक मी पुष्कळदा पाहिलाय. त्या नांगरामागून चालणाऱ्या बैलांच्या चेहऱ्यावरही अविश्वास असतो. आता, बैल नांगरामागून चालतात का, असं कुणी विचारेल. त्या सिनेमात काय सांगावं!

अलीकडचं म्हणाल तर नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ आहे. डुकरं धरायचं काम, आणि ते करताना गावानं बघून हसणं. किशोर कदमांनी केलेला तो बाप काम करतो तेव्हा आपल्याला मान वर करवत नाही. कारण बघून हसणाऱ्यांच्या रांगेत आपली खुर्ची असते. त्यांच्याच २०१६ सालच्या ‘सैराट’ची गाणी सगळ्या महाराष्ट्रानं नाचून काढली. मला विचाराल तर सिनेमा खरा सुरू होतो तो गाणी संपल्यावर, हैदराबादेत. पाटलाची लाडकी आर्ची बाटल्या भरायच्या कारखान्यात कामाला लागते आणि परश्या डोशाच्या गाडीवर. पूर्वार्धातलं प्रेम बुलेटवरून फिरत होतं, उत्तरार्धात ते तव्यापुढे उभं राहिलं. आमच्या परीक्षकी भाषेत याला ‘उत्तरार्ध रेंगाळतो’ म्हणतात. आणि चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’, जो आपल्याकडे २०१५ साली लागला. त्यातली सरकारी वकील दिवसभर एका शाहिराला तुरुंगात ठेवण्यासाठी झगडते आणि संध्याकाळी लोकलनं घरी जाऊन, पोराला घेऊन, चार माणसांचा स्वयंपाक करते. गीतांजली कुलकर्णींनी ती अशी केलीय, की तिचा पुरता राग येत नाही. कणीक मळणाऱ्या माणसाचा पुरता राग करणं अवघडच असतं. दिग्दर्शकाला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर आपल्याला घरी जाताना अस्वस्थ वाटतं.

एवढं फिरून आलो की मी पुन्हा आमच्या फाळक्यांपाशी येतो. या माणसानं ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लावला, हे सगळ्या परीक्षार्थींना पाठ असतं. पण त्याच्याही आधी, भांडवल मिळावं म्हणून, त्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी पेरून कॅमेरा समोर ठेवला होता आणि महिनाभर थोडं थोडं चित्रण करून अंकुराची वाढ पडद्यावर दाखवली होती. म्हणजे आपल्या सिनेमाची पहिली नायिका वाटाण्याची वेल! दुसरी नायिका अण्णा साळुंके. मुंबईच्या एका उपाहारगृहात कामाला असलेल्या या गृहस्थांना फाळक्यांनी तारामती केलं, कारण बाई मिळेना. बाकीच्या ‘स्त्रियां’ना मिशा काढायला लावताना त्यांना काय विनवण्या कराव्या लागल्या असतील! बाप जिवंत असताना मिशी कशी काढायची, हा त्या काळचा गहन प्रश्न. पण माझी आत्या असती तर तिनं मिशीकडे बघितलंच नसतं. हाताला कामाची सवय असलेला माणूस आहे ना, मग चालेल, म्हणाली असती. याच साळुंक्यांनी पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामं केली. संसार कसा एकहाती करावा, याचं असं दुसरं उदाहरण नाही.

त्याच १९१७ साली फाळक्यांनी एक लहानसा पट काढला, ‘चित्रपट कसे तयार करतात’. त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. नटांना शिकवताहेत, फिल्म डोळ्यांपुढे धरून बघताहेत, जोडताहेत. देवदेवतांचे चमत्कार दाखवून ज्यानं लोकांना भुरळ घातली, त्यानंच चमत्कारामागचे हातही दाखवून टाकले. जादूगार सहसा असं करत नाही. पण नाशिकचा कारागीर माणूस. पैठणी दाखवणार आणि हातमागही दाखवणार.

पण एक जोडी हात तेव्हा पडद्यावर यायची राहिली. सरस्वतीबाई फाळके. दागिने दिले ते त्यांनी. रात्री काळोखात कोऱ्या फिल्मला भोकं पाडली त्यांनी. रसायनं कालवली त्यांनी. उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडला त्यांनी. आणि सगळ्या कंपनीचा स्वयंपाकही त्यांनीच केला. पांडवलेणींच्या पायथ्याशी दादासाहेबांचं स्मारक आहे; १९६९ पासून त्यांच्या नावानं देशातला सिनेमाचा सर्वांत मोठा सन्मान देतात. दिलाच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की सिनेमाचा इतिहास लिहिताना आपण फार करून चेहऱ्यांचा लिहितो. परीक्षकाला इतर कुणी काही विचारो न विचारो, त्यानं हातांची नोंद ठेवावी. तेवढ्यासाठी तरी फुकटच्या पासाचं सार्थक होईल.

म्हणून मी हल्ली सिनेमा संपला तरी उठत नाही. पूर्वी श्रेयनामावली सुरुवातीला असायची, त्यामुळे लोकांना ती बघावी लागायची. आता ती शेवटी येते. सुतार, शिंपी, दिवे धरणारे, चहा देणारे, जेवण आणणारे, शेकडो नावं खालून वर सरकत असतात आणि लोक वाहनतळाकडे पळत असतात. थेटरात मी, सौ. आणि दाराशी केरसुण्या घेऊन उभी असलेली दोन माणसं, एवढेच उरतो. त्यांना सांडलेले पॉपकॉर्न झाडून पुढच्या खेळाची तयारी करायची असते.

मी नावं वाचत असतो. सौ. हळूच कोपर मारते.

‘अहो, उठा आता. त्या बिचाऱ्यांची कामं खोळंबलीत.’

परीक्षण याहून नेमकं असूच शकत नाही. मी उठतो.